बडोद्याहून बडोद्याला

आमच्या बापूमामाने अख्खी नोकरी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये काढली. धावत्या गाडीच्या डब्यात उभं राहायचं, समोर लाकडी खणांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि पत्ता वाचून पत्र नेमकं त्या खणात भिरकवायचं. गाडी कितीही हेलकावो, पत्र शेजारच्या खणात पडता कामा नये. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, हरिपाठ करतात किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. मामाने तिसरा मार्ग काही दिवस चोखाळून पाहिला. पण सेक्रेटरीच राजीनामा देऊन मोकळा झाला आणि मामा पुन्हा रिकामा. मग त्याने जाहीर केलं, की ज्या ज्या बडोद्यांची पत्रं आपण जन्मभर फेकली, ती बडोदी एकदा डोळ्यांनी बघायची.

"बडोदी?" मी विचारलं. तोवर मला बडोद्याचं अनेकवचन होतं हेच ठाऊक नव्हतं.

"अरे, कमी आहेत का! हरियाणात आहे, श्योपूरकडे आहे, अलवरकडे आहे. आपल्या नागपूरकडे वडोदा, जळगावकडे वढोदा. शिवाय अमेरिकेत एक."

मामीने त्याच क्षणी हात झटकले. "मी लग्न होऊन एका बडोद्यात आले तेवढं मला पुरे. भाचा आहे ना, त्याला ने." दांडिया बाजारात मामाच्या वरच्या मजल्यावर राहण्याचे जे काही फायदे असतात, म्हणजे फुकटची चकली, दुपारचा चहा, त्यांचं भाडं असं एकरकमी द्यावं लागलं.

मामाचा खरा राग पिन कोडवर. १५ ऑगस्ट १९७२ ला तो आला आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, म्हणजे आपलेच, वर संस्कृत कवी. एकाच नावाची गावं, नाना लिप्यांतले पत्ते, कोंबडीच्या पायांची अक्षरं, ह्या सगळ्यांवर सहा आकड्यांचा उतारा. मामा वेलणकरांचं नाव घेताना आवाज खाली आणतो, पण घाव विसरत नाही. "विद्वान माणूस. पण आमची विद्या बुडवली रे. आधी नुसतं 'बडोदा' लिहिलेलं असायचं. मग अक्षराच्या वळणावरून, टाकल्या गावाच्या शिक्क्यावरून, आडनावावरून आम्ही ताडायचो की हे कुठलं बडोदं. चौधरी असला तर ह्या खणात, पटेल असला तर त्या. आणि आता? पहिला आकडा एक, हरियाणा. चार, मध्य प्रदेश नाहीतर महाराष्ट्र. ह्यात काय डोकं लागतं? एक अलवरवाला तेवढा जरा मान ठेवतो, तो पण आपल्यासारखा तीननेच सुरू होतो."

तर पहिली स्वारी हरियाणावर. सोनीपत जिल्हा, गोहाना तालुका. तिथे पोचायला आम्ही पानिपतला उतरलो. मराठी माणसाने पानिपत स्टेशनवर उतरताना जरा मन घट्ट करावं लागतं. मामा तर प्लॅटफॉर्मवरच थबकला. "दमाजीराव गायकवाड १७६१ ला इथून निसटून गुजरातेत परत आले म्हणून आपलं बडोदं उभं राहिलं. आणि आपण चाललोय उलट्या दिशेने." मागून एका हमालाने "साइड, साइड" केलं म्हणून, नाहीतर तिसरी लढाई तिथेच पहिल्यापासून झाली असती.

गोहान्याच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "कित जाणा सै?"

"बडौदा."

"कित तै आए?"

"बडौदा."

तो क्षणभर आमच्याकडे बघत राहिला. "तो फेर चढे क्यूँ थे?"

बसमध्ये जी हसाहस झाली ती गोहाना येईपर्यंत पुरली. मी शहाणपणा करून फोनवरचा नकाशा उघडला आणि त्यात बडोदा टाकलं. नकाशाने क्षणाचाही विलंब न लावता हजार-एक किलोमीटरची निळी रेघ काढली आणि घरी परत जायला सांगितलं. त्या दिवशी नकाशातलं यंत्र आणि मामी ह्या दोघांचं मत एकच होतं.

गोहान्यात जिलबी खाल्ल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. आता जिलबी म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे दसऱ्याची सकाळ: फाफड्याच्या पुड्यात चुरडलेली, चिमटीत धरली तर मोडणारी. इथे दुकानदाराने ताटलीत एक जिलबी ठेवली. एकच. ती ताटलीच्या कडेवरून बाहेर डोकावत होती. साजूक तुपातली, पाव किलोची, कडेला कुरकुरीत आणि मधल्या वळणांत पाक असा दाटलेला की बोट लावलं तर बोटाबरोबर तारही उठे. मामाने ती हातात तोलून पाहिली. पार्सलवर किती तिकीट लावावं लागेल हे नजरेने सांगणारा माणूस तो. "दोनशे साठ ग्रॅम," म्हणाला. दुकानदाराला हे झोंबलं. त्याने ती काट्यावर टाकली. किती भरली ते सांगत नाही, पण त्याने मामाला दुसरी फुकट दिली आणि मामाच्या साखरेच्या गोळीचं त्या दिवशीचं गणित मला हातात घ्यावं लागलं.

बडौदा गाव म्हणजे चांगलं भरभक्कम, घराघरासमोर काळ्याभोर मुऱ्हा म्हशी, आणि विधानसभेचा मतदारसंघही त्याच नावाचा. चौपालावर बाजा टाकून मंडळी हुक्का ओढत होती. त्यातले एक ताऊ, म्हणजे मोठे, पगडीवाले, आवाजाला लाउडस्पीकरची गरज नसलेले, त्यांनी आम्हाला बसवून घेतलं. मामाने आमचं प्रयोजन सांगितलं: आम्ही बडोद्याहून आलो, बडोदा बघायला.

"बडौदा तो यो सै," ताऊ म्हणाले. "थारा कुण-सा सै?"

मामाने छाती फुगवली. सयाजीराव महाराज काढले, १९४९ चं विद्यापीठ काढलं, लक्ष्मीविलास राजवाडा काढला. ताऊ हुक्का ओढत राहिले. शेवटी मामाने हुकमाचं पान टाकलं. "आणि ती बँक! १९०८ साली आमच्या महाराजांनी काढलेली. देशभर शाखा आहेत, नावातच बडोदा आहे!"

"हाँ हाँ," ताऊंनी मान डोलावली. "वा तो म्हारे गाम कै नाम पै सै."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. त्यांच्यात ह्या बाबतीत कुठलीच शंका दिसली नाही. मामाचा चेहरा मी आजवर असा फक्त एकदाच पाहिला होता, मामीने त्याचा जुना रेडिओ भंगारवाल्याला दिला तेव्हा. एवढा सयाजीराव पणाला लावून हाती काय, तर दूध. दूध मात्र असं, की पितळी पेला संपवल्यावर मिशीवर मलईचा लेप राहावा. मला मिशी नाही, तरी राहिला.

मग विषय कुस्तीवर गेला. त्या मुलखात तो कशावरूनही तिकडेच जातो. २०२० च्या पोटनिवडणुकीत ऑलिंपिकचं पदक मिळवलेला योगेश्वर दत्त ह्याच मतदारसंघातून पडला, ते सांगताना ताऊंच्या आवाजात सगळ्या गावाचा अभिमान होता: पैलवानाला चितपट करायला आमचं गावच पाहिजे. मामा इतका वेळ दुधाच्या पेल्याकडे बघत होता. आता एकदम सावरून बसला.

"गामा पैलवान माहीत आहे?"

चौपालावर शांतता पसरली. हुक्क्याचं गुडगुडणं थांबलं. गामा माहीत आहे का, हा प्रश्न तिथे विचारायचा नसतो.

"१९०२ साली," मामा म्हणाला, "गामाने आमच्या बडोद्यात एक दगड उचलला. बाराशे किलोचा. तो दगड अजून आमच्या सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये आहे. वर कोरलंय तसं."

बाराशे किलो ह्या आकड्याबद्दल माझ्या मनात काही शंका आहेत. दगडावर कोरलेलं खरं मानायचं असेल तर आमच्या शाळेच्या बाकांवरचंही खरं मानावं लागेल. पण मी गप्प बसलो, कारण ताऊ उठून उभे राहिले होते. त्यांनी मामाचा हात हातात घेतला. "पत्थर अब भी सै?"

"आहे."

"तो मैं आऊँगा," ताऊ म्हणाले. आमचं बडोदं त्या क्षणी अस्तित्वात आलं. राजवाड्याने जे झालं नाही, विद्यापीठाने झालं नाही, ते दगडाने केलं.

अलवरच्या बडौदामेवबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गावाजवळून दिल्ली-मुंबईचा नवा द्रुतगती रस्ता जातो आणि हाच रस्ता आमच्या बडोद्याकडेही येतो. मामाला ह्याची भलतीच काळजी लागली. एकाच रस्त्यावर दोन बडोदी! रात्री ट्रकवाला कुठल्या बडोद्याच्या पाटीला वळेल? मी म्हटलं, मामा, आता पत्रं ट्रकवाले फेकत नाहीत. पण त्याने तिथल्या ढाब्यावर चारेक ड्रायव्हरांना गोळा करून फरक समजावून सांगितला. त्यांनी हो-हो केलं, चहा पाजला, आणि आम्ही निघाल्यावर खुशाल हसले असणार.

श्योपूरचं बडौदा अधिक जिव्हारी लागलं. कोट्याला उतरायचं, पुढे बसने राजस्थानची हद्द ओलांडून मध्य प्रदेशात शिरायचं. पावसाळ्यात पार्वती नदीचं पाणी पुलावरून गेलं की तो रस्ता बंद. आम्ही शहाण्यासारखे थंडीत गेलो. मामाला पूर्वी ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणाऱ्या चिमुकल्या नॅरो गेजने जायचं होतं. दोनशे किलोमीटर, फक्त दोन फुटी रुळांवरून. पण ती गाडी २०२० पासून बंद. त्याचा त्याने कोट्यापर्यंत शोक केला आणि कोट्यात कचोरी खाऊन आवरता घेतला.

बडौद्याच्या बसस्टँडवर चहावाल्याला मामाने नेहमीचं पुराण ऐकवलं. चहावाला तयारीचा निघाला. चहा गाळता गाळता म्हणाला, "हमारे जिले में चीते हैं, साहब." खरंच होतं. कूनो त्याच जिल्ह्यात. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून विमानाने चित्ते आले ते तिथेच.

मामाला हे अपेक्षित नव्हतं. पण बडोदेकर मगरीशिवाय घराबाहेर पडत नाही. "आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत," तो म्हणाला. "जंगलात नाही हां, भर शहरात. महानगरपालिकेच्या हद्दीत. पावसाळ्यात रस्त्यावर येतात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडतात."

हे सांगताना त्याचा चेहरा इतका अभिमानी की ऐकणाऱ्याला वाटावं मगरींना घरपट्टी लागते. विश्वामित्रीला पूर आला की आम्ही बडोदेकर रडतो, शिव्या देतो, तळमजल्यावरचे सोफे वर चढवतो. पण परगावी गेल्यावर तोच पूर आणि त्याच मगरी आमच्या वतीने बोलतात.

"मगर?" चहावाला म्हणाला. "वो तो चंबल में हमारे भी हैं. घड़ियाल ऊपर से." आणि त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला कटिंग दिला. पूर? तोही त्यांच्याकडे होता. पावसाळ्यात त्यांच्या गावाचंही बेट होतं म्हणे. म्हणजे पूर बरोबरीत, मगरी बरोबरीत, चित्ते आणि घड्याळ, म्हणजे ती नाकाड मगर, अधिक. मामाने पैसे दिले आणि बस येईपर्यंत कुणाशी बोलला नाही.

मग म्हटलं, निदान महाराष्ट्रात तरी गोडीगुलाबी होईल. जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरजवळ वढोदा आहे. आसपास वाघांचं जंगल, मुक्ताईचं देऊळ, केळीच्या बागा आणि सगळीकडे मराठी. पाट्या मराठी, भांडणं मराठी. मामाला घरी आल्यासारखं वाटलं. एका ओट्यावर बसून तो तास-दीड तास बोलला: गायकवाड, दाभाडे, खंडेराव मार्केट, काही म्हणून सोडलं नाही. ऐकणारे आजोबा मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "काही म्हणा, पण तुम्ही गुजराती असून मराठी लई चांगलं बोलता."

हे दुःख जुनंच आहे. पुण्याच्या नातेवाइकांत आम्ही 'ते गुजरातचे'. लग्नात आमटी गोड लागली की बोट आमच्याकडे. इथे बडोद्यात शेजारी आम्हाला 'मराठी लोको' म्हणतात, आमची आमटी त्यांना तिखट लागते. पानिपताच्या बसमध्ये आम्ही 'बंबईवाले' होतो. मामा म्हणाला, माझ्यासारख्या माणसाचा खण कुठला, ते वेलणकरांनाही ठरवता आलं नसतं.

अमेरिकेतलं बडोदं मिशिगन राज्यात. तिथे आम्ही जाणार नव्हतो, पण शिकागोत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला मामाने कामाला लावलं. ती बिचारी रविवारी मुलांना घेऊन तळ्याच्या कडेकडेने गाडी मारत गेली. तळं कसलं, मिशिगनचा समुद्रच म्हणायचा. गाव हजाराच्या आतल्या वस्तीचं. तिने पाटीचा फोटो पाठवला, पोस्ट ऑफिसचा पाठवला, आणि पत्ता लिहून पाठवला: ४९१०१. मामा खुर्चीतून उठला. "चार! पहिला आकडा चार! आपल्या हिशेबाने महाराष्ट्रात बसतं!" पाचच आकडे आहेत ही गोष्ट त्याने मोठ्या मनाने माफ केली.

पुढचा फोटो द्राक्षमळ्याचा होता. त्या परगण्यात वाइन होते आणि रविवारी लोक ती चाखायला येतात. बहिणीच्या हातात उंच पेला, मागे बडोद्याची पाटी. मामाने तो फोटो बराच वेळ न्याहाळला. नंतर बोटांवर मोजायला लागला. हरियाणातलं बडोदं, गुत्ता होता. श्योपूरचं, बसस्टँडसमोरच होता. अलवरचं, होता. अमेरिकेचं तर हे समोरच. "म्हणजे दारूबंदीचं बडोदं," तो म्हणाला, "एकटं आपलंच." १९६० पासून गुजरातेत हीच स्थिती आहे आणि मामा थेंबालाही शिवत नाही, पण हक्काची गोष्ट आली की माणूस वेगळा होतो. संध्याकाळी मामीने लिंबू सरबत आणून दिलं ते त्याने उंच पेल्यात मागितलं.

आणि मग ताऊ आले.

दिल्लीहून रात्रीच्या गाडीत बसल्याचा फोन आला. सकाळी मामा हार घेऊन स्टेशनवर. गाडी आली, थांबली, गेली. ताऊ नाहीत. मामा डब्यात डोकावून डोकावून घामाघूम झाला. घरी येऊन बसतो न बसतो तो फोन. मामाने स्पीकर लावायची गरज नव्हती, ताऊंचा आवाज जिन्यापर्यंत येत होता.

"थारा बडौदा आया ए कोनी! मैं खिड़की पै बैठा देखता रह्या. पाटी पै कोए वडोदरा लिख राख्या था. इब भरूच आ लिया सै!"

त्यांच्या तिकिटावर काय छापलं होतं ते त्यांनी वाचलं नव्हतं, पाटी मात्र अक्षरन् अक्षर वाचली होती. १९७४ साली सरकारदप्तरी बडोद्याचं वडोदरा झालं हे त्यांना कोण सांगणार? मामाने रेल्वेचा कोड अजून बी.आर.सी. आहे, त्यातला बी बडोद्याचाच, असं समजावायचा प्रयत्न केला. "देख भाई," ताऊ म्हणाले, "म्हारे गाम की पाटी पै बडौदा लिख राख्या सै." ह्याला उत्तर नव्हतं. मी भरूचला गाडी घेऊन गेलो. ताऊ प्लॅटफॉर्मवर तुपाच्या डब्यावर बसून शेंगा सोलत होते आणि भोवती जमलेल्या भरूचकरांना अस्सल बडोद्याची माहिती देत होते.

म्युझियममध्ये ताऊंनी आजूबाजूच्या एकाही वस्तूकडे बघितलं नाही. थेट दगड. आधी दुरून पाहिला, मग जवळून, मग जोडे काढले. पहारेकऱ्याची नजर चुकवून त्यांनी दगडाला दोन्ही हातांनी कवेत धरलंच. मान फुगली, पगडी हलली. दगड हलला नाही. पहारेकरी शिट्टी फुंकत धावत आला. ताऊंनी त्याला बाजूला सारून मामाला विचारलं, "गामा थारे गाम का था?"

"नाही," मामा म्हणाला. "तो तिकडचा, पंजाबचा. इकडे आला होता."

"अर राजा? जिसनै यो म्युझियम बणवाया?"

"सयाजीराव? ते कवळाण्याचे. नाशिककडचे. दत्तक आले."

"अर तू?"

"आम्ही मूळ साताऱ्याचे."

ताऊंनी जोडे चढवले. "पत्थर ठाण आळा बाहर का, राजा बाहर का, तू बाहर का. पाटी पै नाम बी और ए सै. तो इस बडौदे का अपणा के सै?"

मामाच्या तोंडाला कुलूप लागलं असं वाटलं. पण डाकखात्याचा माणूस निरुत्तर होऊन पत्र परत पाठवत नाही. "सेव-उसळ," तो म्हणाला.

आम्ही ताऊंना तसेच गाडीत घातलं. कोपऱ्यावरच्या गाड्याशी प्लेटा आल्या: खाली पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर शेवेचा ढीग, कांद्याची पात, बाजूला पाव, आणि वेगळ्या पातेल्यात लालभडक तरी. उसळ मुळात आमच्याच लोकांनी इकडे आणली असणार, हे मामाने त्यांना सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. ताऊंनी पहिला घास घेतला. मग पळीभर तरी मागितली. मग आणखी एक पळी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कान पगडीच्या रंगाचे झाले, तरी ते थांबेनात.

"ताऊ, बस करा, पोटाला त्रास होईल," मी म्हटलं.

"चुप कर," ताऊ म्हणाले आणि गाडीवाल्याकडे रिकामी प्लेट सरकवली. "एक और लगा. अर यो बता, म्हारे बडौदे मैं दुकान खोलैगा?"